‘लेखकाचं परवानगीपत्र जोडा’: स्कायलॅबची टिपणं पुस्तकात आणताना

‘कृपया मूळ लेखकाचं सही केलेलं परवानगीपत्र जोडा.’

हे पत्र मला पुस्तक छापणाऱ्या कंपनीकडून आलं. मूळ लेखक म्हणजे कोण, तर पीट कॉनराड, जो कर्विन आणि पॉल वाइट्झ हे अंतराळवीर. २५ मे १९७३ ला हे तिघे नासाच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकाकडे निघाले, २८ दिवसांची मोहीम करून परत आले. वर असताना ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राशी जे काही बोलले, ते खालच्या लोकांनी टेपवरून ऐकून टाइप करून ठेवलं, तीच ही टिपणं. कॉनराड १९९९ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेले. त्यांची सही मी आणायची कुठून?

आमच्या पिढीला स्कायलॅब आठवते ती पडली म्हणून. जुलै १९७९ मध्ये ती कुणाच्या डोक्यावर पडणार याची घरोघरी चर्चा होती, आणि शेवटी तिचे तुकडे हिंदी महासागरात नि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्पेरन्सच्या आसपास पडले. त्याआधी तिथे तीन वेळा माणसं राहून आली, हे मला ह्यूस्टनला राहायला आल्यावर नीट कळलं. निवृत्तीनंतर हाताला काम हवं होतं. नासाने टिपणांची स्कॅन केलेली पानं सगळ्यांसाठी खुली ठेवलेली आहेत. ती वाचता येतील अशी लावायची, तळटीपा आणि सूची द्यायची, आणि एकेका मोहिमेचं छापील पुस्तक करायचं, एवढाच माझा बेत.

आता कुणी विचारेल, पानं फुकट वाचायला मिळतात तर पुस्तक कशाला? तर शेवटच्या मोहिमेची गोष्ट घ्या. जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग ८४ दिवस वर होते. या तिघांनी डिसेंबर १९७३ मध्ये रेडिओ बंद करून म्हणे ‘अंतराळातला पहिला संप’ केला. जो उठतो तो हेच सांगतो, आणि तारीख बहुतेक २८ डिसेंबरची देतो. अहो, २५ ला कार आणि पोग, २९ ला कार आणि गिब्सन यानाबाहेर जाऊन काम करून आलेत, मग संप केला कधी? सगळी पानं ओळीने वाचली की दिसतं, की वेळापत्रक फार घट्ट आवळलेलं होतं, कुरबुर होती, आणि ३० डिसेंबरला दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या. त्यानंतर किरकोळ कामं घड्याळाला न बांधता यादीत टाकली, जमेल तशी करा म्हणून. संप कुठेच नाही. पण ‘ओळीने वाचली की’ हीच तर मेख आहे. सुट्ट्या फायलींमधून ओळीने कोण वाचणार?

याच मोहिमेतली खरी भानगड मला जास्त आवडते. पहिल्याच दिवशी पोग यांना उलटी झाली. ती ह्यूस्टनला कळवायची नाही असं तिघांनी आपापसात ठरवलं, पण ठरवताना टेप चालू होता! स्कायलॅबवर दोन वाहिन्या होत्या. एकीवर थेट बोलणं, दुसरीवरचं बोलणं टेपवर साठायचं आणि यान जमिनीवरच्या एखाद्या केंद्रावरून गेलं की खाली उतरवलं जायचं. खाली कुणीतरी ते टाइप केलं, कुणीतरी वाचलं, आणि अंतराळवीरांच्या कार्यालयाचे प्रमुख अॅलन शेपर्ड यांनी रेडिओवरूनच त्या तिघांची कानउघाडणी केली. म्हणून या दुसऱ्या वाहिनीची टिपणं वेगळी न ठेवता तारखेप्रमाणे थेट बोलण्यातच मिसळा. काम दुप्पट होतं, पण मजाही तिथेच आहे.

अक्षरओळख (म्हणजे स्कॅनमधला मजकूर संगणकाकडून वाचून घेणं), तपासणी, मांडणी या कामांना वेळ लागला, त्रास असा झाला नाही. टंकलेखनाच्या पुसट प्रतींवर संगणक गडबडतोच. ‘एसपीटी’ म्हणजे सायन्स पायलट, त्यातल्या एसचा हटकून ५ व्हायचा. ते एकदा कळलं की सगळीकडे एकदम बदलता येतं.

गाडं अडलं ते छपाईच्या दारात. मागणीप्रमाणे प्रती छापून देणारी ही कंपनी, नाव घेत नाही. फाइल चढवली, मुखपृष्ठ चढवलं, आणि ‘हक्कांची पडताळणी सुरू आहे’ असं पिवळ्या पट्टीत आलं. पट्टी हटेना. मग पत्र आलं की हा मजकूर इंटरनेटवर इतरत्र आढळतो. आढळणारच ना, तिथूनच घेतलाय! मी सविस्तर उत्तर दिलं: अमेरिकेच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या मजकुरावर अमेरिकेत कॉपीराइट नसतो, तिथल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०५ पाहा. उत्तरादाखल तेच पत्र पुन्हा, वर मूळ लेखकाच्या सहीची मागणी. पालथ्या घड्यावर पाणी.

फोन लावायची सोय नाही. चॅटच्या खिडकीत जो कुणी असतो तो आपलं नाव सांगतो, तुमची अडचण मला समजते म्हणतो, आणि हक्कांचा विभाग वेगळा असल्याने मी काही करू शकत नाही म्हणतो. त्या वेगळ्या विभागाशी बोलायचं कसं? त्यांच्या पत्राला उत्तर देऊन. आणि त्या उत्तराला पुन्हा तेच ठरीव पत्र. मध्ये मला खरोखरच शंका आली की पलीकडे माणूस आहे की नाही. माझी भाची वकिली करते, ती म्हणाली, ‘मावशी, तू त्यांना कायदा शिकवू नकोस. त्यांच्या फॉर्ममधली कुठली चौकट भरली की त्यांचं काम संपतं ते शोध.’ राग आला, पण बरोबर होती कार्टी.

तर ती चौकट अशी. लेखक म्हणून अंतराळवीरांची नावं भरू नका. पुस्तकात ती येतीलच, पण फॉर्मच्या ‘लेखक’ या रकान्यात माणसाचं नाव दिसलं की यंत्र त्याची सही मागतं. तिथे संस्थेचं, म्हणजे नासाचं, नाव टाका आणि ‘संपादक’ म्हणून स्वतःचं. मग ‘हा मजकूर सार्वजनिक मालकीचा आहे आणि त्यात नवीन भर घातली आहे’ हा पर्याय निवडा. तो पर्याय ठळक नाही, खाली घडी उघडल्यावर दिसतो. भर कोणती, हे थोडक्यात आणि आकड्यांत लिहा: इतक्या टीपा, इतक्या पानांची सूची. मुळातल्या मुखपृष्ठाचं स्कॅन जोडा, ज्यावर जॉन्सन स्पेस सेंटर, ह्यूस्टन असं छापलेलं आहे. हे सगळं एकाच पीडीएफमध्ये द्या. दोन फायली जोडल्या तर दुसरी कुणी उघडत नाही, हा माझा ठाम समज झालाय.

एवढं केल्यावर पट्टी हिरवी झाली. मी चक्क टाळी वाजवली. आणि मग, ये रे माझ्या मागल्या: ‘मालिकेचा पहिला खंड सापडत नाही.’

याला मात्र मूळ दोष नासाचा. १४ मे १९७३ ला सॅटर्न रॉकेटने रिकामं स्थानकच वर नेलं, ते उड्डाण क्रमांक एक. म्हणजे माणसांची पहिली मोहीम झाली क्रमांक दोन, दुसरी तीन, तिसरी चार. पण अंतराळवीरांच्या बिल्ल्यांवर एक, दोन, तीन असेच आकडे आहेत. मी कागदपत्रांप्रमाणे दोनपासून सुरुवात केली, कारण पहिल्या उड्डाणात बोलायला माणूसच नव्हता. हे त्या विभागाला समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मालिकेचा क्रमांक काढून टाकला आणि पुस्तकाच्या कण्यावर कॉनराड, बीन, कार अशी तिन्ही कमांडरांची आडनावं आणि सालं घातली. ग्रंथालयात शोधायलाही तेच सोपं.

नासाचं बोधचिन्ह मुखपृष्ठावर घालू नका, हे आधी सांगायला हवं होतं. मजकूर मोकळा असला तरी चिन्ह मोकळं नाही, त्यांनी पुस्तकाला मान्यता दिलीय असा भास होता कामा नये. चित्र हवंच तर स्थानकाचा फोटो घ्या. एकच पंख उरलेलं ते यान आणि त्यावर ताणलेलं कापडी छत इतकं विचित्र दिसतं की वेगळ्या सजावटीची गरज पडत नाही. उड्डाणात उष्णतेपासून वाचवणारं कवच फाटून गेलं, सोबत एक सौर पंखही गेला, दुसरा अडकून बसला. ७ जूनला कॉनराड आणि कर्विन यांनी बाहेर जाऊन तो सोडवला, ती पानं मी पुन्हा पुन्हा वाचलीत.

आणखी एक. टिपणांत तारखा नाहीत, वर्षाचा कितवा दिवस ते आहे, तेही ग्रिनिच वेळेनुसार. ७ जून म्हणजे १५८. शेवटची मोहीम १९७३ च्या ३२०व्या दिवशी सुरू होऊन १९७४ च्या ३९व्या दिवशी संपते. फायलींना नुसता दिवसाचा आकडा दिलात तर संगणक परतीचा प्रवास उड्डाणाच्या आधी लावून मोकळा होतो. आकड्याआधी साल टाका. आणि आतल्या बाजूचा समास भरपूर सोडा, नाहीतर जाड पुस्तकात ओळींची सुरुवात शिवणीत जाते, आणि कोण बोलतंय ते नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

कॉनराड आणि बीन छापून आलेत. कार यांचा खंड परवा चढवला. पट्टी सध्या पिवळी आहे, आणि एकत्र केलेली पीडीएफ मी या वेळी त्यांनी मागायच्या आधीच पाठवून दिलीय.