व्हेगन कॉर्नब्रेड: फळ कुठे घालायचं आणि कधी

व्हेगन कॉर्नब्रेड, म्हणजे अंडं-दूध असं प्राणिज काहीही नसलेला मक्याच्या पिठाचा ब्रेड, फसला की सगळे अंड्याला नावं ठेवतात: अंडं नव्हतं ना, म्हणून भुगा झाला. बहुतेक वेळा गडबड पाण्याची असते. मका पाणी पितो, पण सावकाश. फळ पाणी सोडतं, आणि तेही नेमकं ओव्हन तापल्यावर. या दोघांची वेळ जुळली नाही की कडा कोरड्या आणि मधोमध गिच्च गोळा.

आधी पिठाचं. दुकानात ‘कॉर्नफ्लोर’ मागितलंत तर पांढरीशुभ्र, बोटांत दाबली की करकरणारी पावडर हातात येते. तो मक्याचा निव्वळ स्टार्च, मंचुरियनच्या कामाचा. ब्रेडला लागतं पिवळ्या मक्याचं पीठ, आणि तेही भाकरीसारखं बारीक नको. गिरणीत ‘बारीक रव्याइतकं जाडसर’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने भाकरीचंच दळून मिळेल. एका वेळी अर्धा किलो पुरे. मक्याच्या कोंबात तेल असतं, त्यामुळे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे पीठ ज्वारीच्या पिठाहून लवकर खवट होतं. फ्रीजमध्ये ठेवा. चिमूटभर जिभेवर ठेवून कडवट लागलं तर सरळ टाकून द्या, भाजल्याने तो कडवटपणा जात नाही.

आठ इंची (२० सेंटीमीटर) भांड्याचं प्रमाण असं: जाडसर मक्याचं पीठ १५० ग्रॅम, मैदा ८० ग्रॅम, कणीक ४० ग्रॅम, शेंगदाण्याचं किंवा सोयाचं दूध ३०० मिली, लिंबाचा रस १ मोठा चमचा, जवसाची पूड १ मोठा चमचा, तेल ६० मिली आणि भांड्यासाठी वेगळं १ मोठा चमचा, साखर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर २ लहान चमचे, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, लहान म्हणजे ५. सगळी कणीकच वापरायची असेल तर दूध दोन मोठे चमचे वाढवा. गोडव्यासाठी मध नको, तो व्हेगन नाही. गूळ चालतो, फक्त आधी कोमट दुधात विरघळवून गाळून घ्या.

सोड्याचं प्रमाण जपा. पाव लहान चमचा सोडा आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस यांचा हिशेब साधारण जुळतो. ‘अजून फुगू दे’ म्हणून सोडा दुप्पट केलात तर उरलेला सोडा तसाच राहतो, ब्रेड साबणासारखा लागतो आणि तांबूस पडतो. फुगवण्याचं मुख्य काम बेकिंग पावडरचं आहे, ती ताजी हवी. गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून पाहा. फसफसली नाही तर नवा डबा आणा.

दूध शेंगदाण्याचंच करा असं माझं मत. शेंगा इथल्या, आणि लिंबू पिळलं की हे दूध सोयासारखंच दाटतं, ताकाची जागा नीट भरून काढतं. १०० ग्रॅम कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवा, सालं चोळून काढा, ४०० मिली पाण्यात वाटून फडक्यातून गाळा आणि ढवळत पाच-सात मिनिटं उकळा. न उकळता वापरलं तर ब्रेडला कच्चट वास राहतो. चोथा टाकू नका, दोन चमचे याच पिठात खपतो. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सोया घ्या.

आता मुख्य काम, मका भिजवणं. भाकरी करणाऱ्यांना हे सांगायला नको: ज्वारीच्या पिठाला ‘जिगा’, म्हणजे चिकटपणा, नसला की उकळत्या पाण्याची उकड काढतात. मक्यातही गव्हासारखं ग्लुटेन नाही, तेव्हा इथेही तीच युक्ती. ५० ग्रॅम पीठ वेगळं काढून त्यावर १२० मिली उकळतं दूध ओता, ढवळून झाकून ठेवा. दहा मिनिटांत ते मऊ लापशीसारखं होतं. अंड्याच्या बांधणीचं निम्मं काम या उकडीने होतं. राहिलेल्या १८० मिली दुधात लिंबू पिळा, पाच मिनिटांनी दाटलं की त्यात उरलेलं १०० ग्रॅम पीठ घालून अर्धा तास भिजू द्या. हा अर्धा तास चुकवलात तर मका ओव्हनमध्ये गेल्यावर पाणी ओढायला लागतो: दाताखाली कचकच, आणि सुरी लावली की चुरा. जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की चिकट लगदा होतो. जवस ब्रेड फुगवत नाही, फक्त धरून ठेवतं. म्हणून ते दुप्पट करून काही साधत नाही, उलट ब्रेड बुळबुळीत होतो.

ओव्हन २०० अंशांवर लावा आणि त्यात बिडाचा तवा किंवा खोलगट बिडाचं भांडं तेल घालून रिकामंच दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडे कॉर्नब्रेड असाच तापल्या लोखंडात ओततात, आणि खालची खरपूस कड त्यामुळेच येते. कडक भाकरी आवडणाऱ्या गावाला ही कड पटवून द्यावी लागणार नाही. भांडं तापतंय तोवर उकड, भिजलेला मका, जवस, तेल, साखर एकत्र करा. मैदा, कणीक, मीठ, बेकिंग पावडर आणि सोडा वेगळे चाळून त्यात घाला आणि दहा-बारा वेळाच ढवळा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, घोटत बसलात तर गव्हाचा भाग चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठाहून किंचित सैल हवं, डावातून जाड धारेने पडणारं. घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध घाला.

सोडा मिसळल्यावर पाच मिनिटांत पीठ भांड्यात गेलं पाहिजे. उन्हाळ्यात स्वयंपाकघरच इतकं तापलेलं असतं की बुडबुडे वाटीतच फुटून जातात. ओतताना कडेने ‘चर्र’ आवाज यायला हवा. नाही आला तर भांडं तापलं नव्हतं, आणि खालची बाजू फिकी, ओलसर निघणार. मधल्या जाळीवर २५ ते २८ मिनिटं. काडी घालून पाहिली की तिला एक-दोन ओलसर कण लागलेले असावेत, पीठ नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या आसपास. मग पंधरा मिनिटं हात लावू नका. गरम असताना स्टार्च सैल असतो, आणि चांगला झालेला ब्रेडही त्या घाईत मोडतो. मध्येच लाइट गेली तर दार उघडू नका. बीड उष्णता धरून ठेवतं, निम्मा वेळ झाला असेल तर बऱ्याचदा ब्रेड तरून जातो.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर रिंग, घट्ट झाकण, दहा मिनिटं आधी तापवणं, मग मध्यम-मंद आचेवर चाळीसेक मिनिटं. वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी तव्यावर उलटून तीन मिनिटं शेकायचा. या पद्धतीत ओलं फळ वर घालू नका, झाकणाची वाफ आधीच पुरेशी असते.

आता फळ. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, मंडईत मृग बहाराचं डाळिंब आणि बोरं दोन्ही असतात, आणि पहिला मोह होतो तो वाटीभर लाल दाणे पिठात ढवळायचा. करू नका. एक तर दाणा भाजला की रस जातो आणि चिवट बी उरते. दुसरं म्हणजे डाळिंबाचा लाल रंग आंबटात लाल राहतो, सोड्याशी गाठ पडली की निळसर-करडा होतो. कापलेल्या पिवळ्या ब्रेडमध्ये दाण्याभोवती करडं वर्तुळ दिसतं, बुरशी आली असावी तसं. भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे ब्रेड कोमट झाल्यावर वर पेरायचे, आणि सोबत रसाचा पाक: अर्धा लिटर रस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर १२० मिली होईपर्यंत आटवा. साखर लागत नाही. तोच रंग जांभळाचा, तेव्हा जून-जुलैत जांभळालाही हाच नियम.

बोरांपैकी मोठी ॲपल बोरं इथे पाणचट लागतात. गावरान आंबट बोरं घ्या: दीडशे ग्रॅम बोरांच्या बिया काढून दोन मोठे चमचे गुळात, पातेल्याचा तळ दिसेपर्यंत परता. गार झालं की पीठ ओतल्यावर वरून चमच्याने ठिपके द्या, मग भाजा. पाणी आधीच उडालेलं असल्यामुळे ब्रेड बसत नाही. पेरूचंही असंच, फक्त मधला बियांचा गर काढून टाका.

फेब्रुवारी-मार्चमधली द्राक्षं सगळ्यात फसवी. अख्खं द्राक्ष पिठात गेलं की तळाला बसतं, आत वाफ कोंडते आणि त्याच्याभोवती कच्च्या पिठाचा खिसा राहतो. १५० ग्रॅम द्राक्षं उभी अर्धी कापा, फडक्यावर दहा मिनिटं पालथी ठेवा आणि ब्रेड दहा मिनिटं भाजल्यावर, वर पापडी धरली की कापलेली बाजू वर करून मांडा. दार झटकन बंद करा. एवढा खटाटोप नको असेल तर बेदाणे घ्या: ६० ग्रॅम, वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवून पिळलेले. ते पिठात सुखाने राहतात.

केसर आंबा घट्ट असेल तरच, दीड सेंटीमीटरच्या फोडी, वरून. आमरस पिठात घालायचा हट्ट असेल तर १०० मिली रसामागे ८० मिली दूध कमी करा, साखर निम्मी करा आणि १८० अंशांवर पाचेक मिनिटं जास्त भाजा. रसातली साखर लवकर करपते.

आणि सीताफळ. ते भाजायचंच नाही. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो, रंगही गुलाबट-तपकिरी पडतो. ओव्हनचा काटा कितीही खाली आणला तरी ब्रेड शिजेपर्यंत गर तापतोच. गर हाताने चाळणीवर घासून काढा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, फुटलेली बी घातक असते. गार गर आणि नारळाचं घट्ट दूध समभाग, किंचित मीठ, आणि हे गार ब्रेडवर. ऑक्टोबरमधलं बाकी काहीही याच्यापुढे फिकं आहे.

तिखट-खारट बाजूला सोलापूरला बाहेरून काही आणावं लागत नाही. ब्रेड तिखट करायचा असेल तेव्हा साखर एक मोठा चमचा आणि मीठ अर्धा लहान चमचा करा, कारण चटण्यांत मीठ असतंच. शेंगा चटणी वर भुरभुरून ओव्हनमध्ये घालणं ही नेहमीची चूक. पंचवीस मिनिटांत तिच्यातला लसूण आणि मिरची करपते, घरभर ठसका. दोन जागा तिला मानवतात: निम्मं पीठ ओतून मध्ये तीन मोठे चमचे पसरून वर उरलेलं पीठ, किंवा ब्रेड बाहेर काढल्याक्षणी एक चमचा करडईच्या तेलात कालवून वर थापणं. दुसरी रीत सरस. उष्णतेने चटणीचं तेल सुटतं आणि वरच्या भेगांत उतरतं.

फोडणी मात्र सरळ भांड्यात. ओव्हनमधून तापलेला तवा काढून गॅसवर ठेवा, त्यातच मोहरी, जिरे, तीळ, कढीपत्ता तडतडू द्या आणि वर पीठ ओता. ब्रेड उलटा काढला की फोडणी वर येते. कांद्याच्या पातळ चकत्या मीठ लावून दहा मिनिटांनी पिळा, तेलाचा हात लावा आणि सुरुवातीपासूनच वर मांडा. न पिळलेला कांदा खाली ओलं डबकं करतो. मेथी आधी परतून घ्या. टोमॅटोच्या बिया काढा. जानेवारीत हुरडा मिळाला तर तो भाजलेलाच घ्या, तेल-तिखटात घोळवा आणि शेवटच्या आठ मिनिटांसाठी वर पसरा. सुरुवातीपासून ठेवलेला हुरडा खड्यासारखा होतो.

जोड्यांमध्ये माझी पसंती: फोडणीच्या ब्रेडवर शेंगा चटणी, डाळिंबाचे दाणे आणि कोथिंबीर. द्राक्षांसोबत कारळ्याची चटणी. आंब्यासोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, पण अगदी बोटाला लागेल एवढाच.

दुसऱ्या दिवशी हा ब्रेड कोरडा पडतो, त्याला इलाज नाही. साधा किंवा तिखट असेल तर डब्यात दोन दिवस, ताज्या फळाचा असेल तर फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवलेला बरा. तुकडे तेलावर दोन्ही बाजूंनी शेकले की पुन्हा कड येते. त्यातूनही उरला तर शिळ्या भाकरीचा करतो तसा हाताने कुस्करा, कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत टाका, पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेवा, आणि वर लिंबू.