तुम्ही विचारलंत म्हणून: त्या घड्याळाचा करंट लागतो का?

घरी कोणी आलं की शोकेसमधल्या माझ्या निक्सी ट्यूबच्या घड्याळाचे केशरी आकडे बघतात आणि मग हाच प्रश्न, "हे घरी बनवलंय म्हणता, करंट नाही लागत?"

लागतो हो, आणि चांगलाच लागतो. काचेला हात लावून काही होत नाही, खालच्या पिना आणि सर्किटला लावला तर. निक्सी ट्यूब म्हणजे आकडे दाखवणारी, निऑन वायू भरलेली काचेची नळी, 1955 च्या सुमारास अमेरिकेत बरोज कंपनीने आणली, माझ्या रशियन आयएन-14 मॉडेलच्या आहेत. पेटायला 170 व्होल्ट डीसीच्या आसपास लागतं. अडाप्टर बाराच व्होल्टचा, पण आतला बूस्ट कन्व्हर्टर त्याचे 170 करतो, त्यामुळे "बारा व्होल्ट तर आहे" हे म्हणण्यात काही अर्थ नाही. सहा ट्यूबवालं कन्व्हर्टर 20-30 मिलिअँपियर सहज देतं, एक हात प्लसला न् दुसरा सर्किटच्या ग्राउंडला लागला तर ते सगळं छातीतून जातं. आणि घरात ईएलसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निवांत बसू नका, अडाप्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे हा भाग मेनपासून वेगळा असतो, इथली गडबड ईएलसीबीला दिसतच नाही, तो ट्रिप काय होणार!

पण मला खरी भीती वाटते ती बिनट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनची. त्यात घरचे 230 व्होल्ट सरळ डायोडमधून काढून 325 व्होल्टपर्यंत डीसी करतात, म्हणे स्वस्त पडतं. अहो, इथे इंदूरला महाराणी रोडवर अडाप्टर चौघांच्या पोहे-जिलबीच्या पैशात मिळतो! तो वाचवायला अख्खं सर्किट, अगदी ग्राउंडसकट, लाइव्ह करून ठेवायचं? तिथे दुसरा हात लागायचीही गरज नाही, फरशीवर अनवाणी उभे असाल तर एकच बोट पुरे, आणि प्रोग्रॅम टाकायला यूएसबीने लॅपटॉप जोडलात तर त्याच्या बॉडीलाही करंट.

बंद केल्यावरही कपॅसिटर (सर्किटमधला वीज साठवणारा भाग) भरलेला राहतो. 4.7 मायक्रोफॅरडला 1 मेगाओहमचा ब्लीडर, म्हणजे साठलेली वीज हळूहळू काढून टाकणारा रेझिस्टर, लावला की अर्ध्या मिनिटात बऱ्यापैकी रिकामा होतो, तरी मी मल्टिमीटर लावल्याशिवाय हात घालत नाही, चालू असताना काही मोजायचंच असेल तर डावा हात खिशात, आणि वरून अॅक्रिलिकचा डबा स्क्रूने बंद, पोरांना उघडता येऊ नये असा.

आणि ऑसिलोस्कोपच्या पिक्चर ट्यूबचं घड्याळ बनवायचं का, असं विचारणारे पण आहेत. तिथे हजार-दोन हजार व्होल्ट असतात. ते मी बनवत नाही, त्याबद्दल दुसऱ्या कोणाला विचारा.