याकोबाचं पत्र आणि पुढच्या रांगेतला सोफा

रविवार, रात्री

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात पाच अध्याय आणि 108 वचनं आहेत. शेजारच्या काकांना सांगितलं तर ते हसले. "म्हणजे आमच्या जपमाळेएवढीच की!" काका वारकरी. त्यांनी माळ घातली ते सगळ्या गल्लीला कळलं, कारण त्या दिवसापासून त्यांच्या ताटातलं मटण गेलं. आता कुणाच्या लग्नात आग्रह झाला की काकांच्या आधी तिसराच कुणीतरी सांगतो, "अहो, माळकरी आहेत ते." अख्खी गल्ली त्यांच्या व्रताची राखणदार. आमच्या बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात असतो आणि लग्न ठरलं की बाहेर निघतो. मधल्या काळात आमच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही. हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. गल्लीच्या धाकानं पाळलेलं व्रत देवापर्यंत कितपत पोचतं, हाही प्रश्न आहेच.

घरसभेत सध्या याकोब चालू आहे. बुधवारी दुसरा अध्याय झाला. देव एकच आहे असा तुझा विश्वास आहे ना, चांगलं आहे. पण भुतंही तसाच विश्वास धरतात आणि थरथर कापतात, असं त्यात एकोणिसाव्या वचनात आहे. इतकं रोखठोक कुणी बोललं की आमची मंडळी लगेच प्रेषित पौलाच्या पत्रांच्या आडोशाला जाते. तारण, म्हणजे मुक्ती, विश्वासानं की कृत्यांनी? रोमकरांस अमुक, गलतीकरांस तमुक. आमच्यात पेन्शनर पुष्कळ, त्यामुळे संदर्भांना तोटा नाही. धर्मसुधारक मार्टिन लूथरनं नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या 1522 च्या प्रस्तावनेत याकोबाला गवताचं पत्र म्हटलं होतं, तेही निघालं. चहा आला तेव्हा वाद तिथंच होता. हा वाद फुकाचा आहे असं मी म्हणणार नाही, त्यावर माणसांनी जीव दिलेत. पण आमच्या बैठकीत तो फार सोयीचा होऊन बसलाय. इफिसकरांस 2:8 आणि 9 सगळ्यांना तोंडपाठ: कृपेनं तारण, कर्मांनी नव्हे. त्याला लागूनच दहावं वचन आहे, सत्कृत्यं करण्यासाठी आपल्याला निर्माण केलंय म्हणून. पाठांतर सहसा तिथवर पोचत नाही.

काल वडगावला आत्याकडे गेलो होतो. तिच्या न्हाणीघराचं काम चाललंय. संध्याकाळी गवंड्याचा हिशेब झाला, पण बिगारी बाईचा राहिला, कारण आत्याकडे पाचशेच्या नोटा आणि सुट्टे नाहीत. बाई "सोमवारी द्या की" म्हणून निघूनही गेली. परतीचा पाऊस धो धो. आत्यानं नातवाला हाक मारली, कोपऱ्यावरच्या दुकानातून सुट्टे आण आणि तिच्या घरी नेऊन दे. तो म्हणाला, सोमवारी येणारच आहे ती.

"सोमवारी येणार म्हणून आज जेवायचं नाही काय तिनं?"

मग फोन पे करतो म्हणाला. फोन नवऱ्याकडे असतो, आणि नवरा शनिवारी कुठं असतो ते आत्याला ठाऊक. "तिच्या हातात द्यायचे. तिच्याच." पोरगा छत्री घेऊन कुरकुरत गेला. आत्या परत लसूण सोलायला बसली.

मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असं बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात आहे. याकोब पाचव्या अध्यायात त्याहून कडक आहे: कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. आत्याला यातलं अध्याय-वचन विचारलं तर ती मलाच विचारेल. म्हणून "ज्ञान काय कामाचं, वागणं चांगलं पाहिजे" असं म्हणून मोकळं व्हायलाही मी तयार नाही. तिच्या कानावर हे कुठल्यातरी उपदेशात कधीतरी पडलंय. वाचणाऱ्यानं वाचलं नसतं तर ती सूर्याकडे बघून हिशेब करायला शिकली नसती. फरक एवढाच की आम्हाला ते सापडतं आणि तिला ते आठवतं, तेही शनिवारी संध्याकाळी, पावसात.

आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांमधला एक पंथ. बेळगावात 1820 मध्ये मिशनचं काम सुरू केलं ते लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलरनी. मेथडिस्टांकडे ते 1904 मध्ये आलं. ज्या जॉन वेस्लीपासून आमचा पंथ निघाला, त्याची गोष्ट घरसभेत कुणीतरी एकदा नीट सांगायला हवी. ऑक्सफर्डचा फेलो, पाळकाची दीक्षा झालेला, वय 32, आणि अमेरिकेत जॉर्जियाला धर्म शिकवायला निघालेला. जहाजावर मोरावियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाची जर्मन कुटुंबं होती. इतर प्रवाशांची जी हलकी कामं करायला एकही इंग्रज तयार नसे, ती ही माणसं करत आणि पैसे घेत नसत. आमच्या गर्विष्ठ मनाला हे बरं, म्हणत. 25 जानेवारी 1736 ला त्यांची उपासना चालू असताना वादळात मोठं शीड फाटलं, पाणी डेकवर आलं. इंग्रज किंचाळले. मोरावियन गातच राहिले. नंतर वेस्लीनं त्यांच्यातल्या एकाला विचारलं, तुम्ही घाबरला नाहीत? नाही. बायका-मुलं? तीही मरणाला भीत नाहीत. वेस्ली स्वतः मात्र भ्यायला होता, आणि रोजनिशीत तो ते लपवत नाही. मला वादळापेक्षा ती हलकी कामं जास्त महत्त्वाची वाटतात. वादळात गाणं आधीच्या त्या दिवसांतून आलं असणार.

त्यानं 1743 मध्ये आपल्या मंडळ्यांसाठी नियम लिहिले. क्रम बघण्यासारखा आहे: आधी वाईट करू नका, मग चांगलं करा, आणि उपासना, प्रभुभोजन, प्रार्थना हे तिसऱ्या क्रमांकावर. 'वाईट' म्हणजे काय, तर थेट यादीच: जकात न भरलेला माल घेऊ-विकू नका. फेडायची शक्यता नसताना कर्ज काढू नका. दारू घेऊ-विकू नका, पिऊ नका. खरेदी-विक्रीत फार बोलू नका. खडेबाजारात हा शेवटचा नियम कुणी पाळला तर भाजीवाली काळजीनं विचारेल, बरं नाही काय? आणि चोर्ला घाटातून गोव्याहून परतणाऱ्या गाड्यांच्या डिकीत काय असतं हे बेळगावात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यात आमच्यातल्या कुणाची गाडी नसते असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? वेस्लीला माणूस बरोबर कुठं निसटतो ते माहीत होतं. "प्रीती करा" एवढंच सांगितलं तर सगळे मान हलवतात. डिकी उघड म्हटलं की बोलाचाली सुरू.

आज उपासनेनंतर कमिटी बसली. पुढच्या महिन्यात कापणीचा सण, मराठी आणि कन्नड उपासना एकत्र, नंतर भाताचा, गुळाचा, नारळांचा लिलाव. मंडपवाल्याकडून दरवर्षी पुढच्या रांगेत एक सोफा येतो, पाठीवर जाळीदार कापड टाकलेला. पाहुण्यांसाठी. पाहुणे म्हणजे नगरसेवक आणि मोठ्या देणग्या देणारे. संडे स्कूलच्या बाई हळूच म्हणाल्या, बुधवारी आपण दुसरा अध्याय वाचला ना, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, मग हा सोफा? खजिनदार म्हणाले, वचन वेगळं आणि व्यवस्था वेगळी. कन्नड मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं, सोफा राहू दे, त्यावर गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना बसवू. मग पाहुणे कुठं बसणार? बाकांवर, आमच्याबरोबर. खजिनदारांचा चेहरा पडला, त्यांचंही चुकत नाही, छपराच्या पत्र्याची देणगी त्याच पाहुण्यांकडून यायची आहे. मी वडीलधाऱ्यांच्या बाजूनं हात वर केला. पाळकसाहेबांनी निर्णय पुढच्या रविवारवर टाकला.

मंडपवाल्याला ॲडव्हान्स शुक्रवारी द्यायचा आहे. फोन मलाच करायचाय, आणि तो पहिल्यांदा विचारणार आहे, सोफा किती सीटचा पाठवू.