मॅट बंद, बर्फ नाही: बडोद्यातले तीन आठवडे

मी स्की जंपिंग करते: पायाला स्की बांधून टेकडीवरच्या घसरगुंडीवरून घसरत यायचं आणि टोकावरून हवेत झेपावायचं. बर्फ नसतो तेव्हा आम्ही प्लास्टिकच्या मॅटवर उतरतो. ऑक्टोबर संपता संपता जर्मनीतल्या हिंटरत्सार्टनच्या टेकडीवरच्या या मॅट बंद झाल्या. माझी त्या मोसमातली शेवटची उडी साडेसतरा मीटरची. बर्फ पडायला अजून महिना-दीड महिना होता. फ्रायबुर्गमधल्या घराला कुलूप लावलं आणि दिवाळीला बडोद्याला आले. अहमदाबादहून गाडी एक्सप्रेसवेला लागली तेव्हा बाबांनी विचारलं, "अजून उडतेस?"

उडते. चौतिसाव्या वर्षी सुरुवात केली, आता छत्तीस चालू आहे.

हिंटरत्सार्टन हे ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातलं गाव, फ्रायबुर्गहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत. तिथे लहानापासून मोठ्यापर्यंत चार टेकड्या एकमेकींना लागून आहेत. सगळ्यांत मोठी ९५ मीटरची. हा आकडा उंचीचा नव्हे. साधारण जिथे उतार सपाट व्हायला लागतो तिथपर्यंतचं ते अंतर. मी सर्वांत लहान टेकडीवर सात-आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभी राहून शिकले. पहिली उडी सहा मीटर. त्या सहा मीटरांत पायांखाली काहीच नसतं, आणि त्या क्षणासाठी मी आजही भल्या पहाटे उठून गाडी पकडते. वर्षभराने ३० मीटरच्या टेकडीवर गेले आणि तिथे सतरा-अठराला अडकले.

अडकले कुठे, ते सांगते. बऱ्याच जणांना वाटतं की घसरगुंडीच्या टोकाला फळी वर वळलेली असते आणि ती आपल्याला हवेत फेकते. तसं नाही. ते टोकही खालीच उतरतं, मोठ्या टेकड्यांवर दहा-अकरा अंशांनी. वर जायचं ते आपल्या पायांनी. हातात काठ्या नाहीत, टाच मोकळी, स्की आपल्या उंचीच्या जवळजवळ दीडपट. दबकून घसरत यायचं आणि सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात गुडघे, कंबर सगळं सरळ करायचं. यात छाती लवकर उघडली की वारा तिच्यावरच आदळतो आणि वेग तिथेच मरतो. माझी छाती उघडत होती. आमचे प्रशिक्षक वर्षभर हेच सांगत होते. त्यांचं जर्मन मला कळत होतं, मी त्यांना उत्तरही देत होते, पण टोक आलं की तेच.

दांडिया बाजारातून आत शिरणाऱ्या एका बोळात आमची तालीम आहे. मी नऊ ते सोळा वर्षं वयात तिथे दोरीचा मल्लखांब केला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा जीव दिला, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि बडोद्यात आखाडा चालवणारे जुम्मादादा, त्यांच्यामागून माणिकराव, आणि पाठीशी सयाजीराव महाराज. या शहरात व्यायामाला मान आहे तो त्यांच्यामुळे. दार उघडलं तर तोच वास, एरंडेल आणि ओल्या मातीचा. काकांनी (उस्तादांना आम्ही सगळेच काका म्हणतो) पंचाहत्तरी ओलांडली आहे. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "खांदे वर गेलेत तुझे."

त्यांना मोबाईलवर माझ्या उड्या दाखवल्या. एकच उडी त्यांनी बारा-तेरा वेळा पाहिली, थांबवून थांबवून. मग मी जमिनीवरचा सराव दाखवला. जगभरचे स्की जंपर हा करतात: पायाखाली लाकडी ठोकळा घ्यायचा, दबकून बसायचं, उसळी मारून थेट समोर झेपावायचं आणि समोरच्याने कमरेला धरून डोक्यावर आडवं तोलायचं. तालमीतली दोन दणकट पोरं पुढे आली. त्यांना असं तोलणं नवीन नव्हतं, पहिल्याच झेपेला त्यांनी मला अलगद झेललं. काका मात्र मान हलवत राहिले.

"घाबरून समोर बघतेस. मान आधी उठते, मग छाती. कंबर ने पुढे. छातीला कुणी बोलावलं नाहीये."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच काम लावलं. मी दबकून बसायचं, ते माझ्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहात ठेवणार. मी झटक्यात पाय सरळ करायचे, पण त्यांचा हात उचलला जाता कामा नये. रोज चाळीस वेळा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही सकाळी चाळीस. नवव्या की दहाव्या दिवशी ते जमलं. हात पाठीवर जिथल्या तिथे होता, पाय सरळ झाले होते आणि कंबर आपणहून पुढे गेली होती. मला रडू आलं. "कंबर ने" हे दोन शब्द लहानपणी दोरीवर मी हजार वेळा ऐकले असतील. डोक्याला वाट न विचारता ते सरळ कमरेत उतरले.

घरी आत्याची वेगळीच काळजी. टीव्हीवर तिने काडीसारखे खेळाडू पाहिले होते. तिची भीती खोटी नाही; हलकं शरीर लांब जातं म्हणून या खेळात अनेकांनी स्वतःची उपासमार केली आहे. म्हणूनच २००४ पासून नियम आहे: उंचीच्या मानाने वजन ठराविक मर्यादेखाली गेलं तर स्कीही आखूड घ्यावी लागते. हे समजावल्यावर तिने चकल्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मीही पोटभर खाल्ल्या. स्त्रियांना या खेळात ऑलिंपिकचं दार २०१४ साली सोचीत उघडलं, पुरुषांना १९२४ पासून उघडं होतं. तेही तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तर तू उडच."

एक दिवस चुलतभावाबरोबर पावागढ. रोपवे सोडून माचीपासून पायऱ्यांनी. वर वारा अगदी समोरून येत होता. मी हात अंगाशी घेऊन वाऱ्यात पुढे झुकून उभी राहिले. टेकडीवर असाच वारा हवा असतो. समोरचा वारा उचलून धरतो, पाठीमागचा खाली टाकतो. देवीच्या दर्शनाची रांग मागून पुढे सरकली तरी मला कळलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हिंटरत्सार्टनला पुरेसा बर्फ साठला. ३० मीटरच्या टेकडीवर बाकावर बसले, प्रशिक्षकांनी झेंडा खाली केला. घसरताना पाठीवर तळहात आहे असं धरून चालले. टोक आलं. कमरेपासून गेले. एरवी धाडकन येणारा उतार या वेळी हळू आला. बावीस मीटर. प्रशिक्षकांनी खालून दोन्ही हात वर केले. मी त्यांना जाऊन मिठीच मारली.

संध्याकाळी व्हिडिओ काकांना पाठवला. बडोद्यात तेव्हा रात्र झाली होती, तरी त्यांचा लगेच फोन आला.

"कंबर गेली. बरोबर गेली," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "उतरताना मागचा पाय का लटपटतो गं? तो गुडघा पुन्हा दाखव."

उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवून टेकायचं असतं. ते मला अजून नीट येत नाही. मी फोन टेबलाला टेकवून उभा केला आणि खोलीच्या मधोमध तसं उभं राहून त्यांना दाखवलं.