सतरा जणांची मामा

परवा रात्री जेवताना उचकी लागली. कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि चोपड्याकडचा मे महिना. उचकीला आणखी कारण कशाला हवं? पण आईला लागतं. "कोन याद करी ऱ्हायनं व?" म्हणत तिने तांब्या पुढे सरकवला आणि नावं घ्यायला लागली. पुण्याची बहीण, धुळ्याची मावशी, नाशिकला दिलेली आतेबहीण. ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली, असा हिशेब. तिची यादी संपली, उचकी चालूच. मग मी माझी यादी काढली, मनातल्या मनात. सतरा नावं, आंघोळीला रांगेत उभी राहतात त्या क्रमाने.

ही सतरा पोरं टांझानियात, मोशी गावाच्या वरच्या अंगाला, एका मिशनच्या बालगृहात आहेत. चार वर्षं मी त्यांची नखं, उवा, औषधं आणि भांडणं सांभाळली. आईच्या मोतीबिंदूसाठी तीन महिन्यांची रजा काढून आले, तर माझ्या परवान्याचा कागद तिकडे कुठल्याशा टेबलावर अडकला. आता पाचवा महिना चालू आहे.

गल्लीतल्या बायका पोरांचे फोटो मागतात. फोटो दाखवायचे नाहीत, नावं सांगायची नाहीत, हा बालगृहाचा नियम. मला तो पटतो. पण "एक बी फोटू नही?" असं कुणी म्हटलं, की बिनफोटोची माया त्यांना थापच वाटत असणार, हे कळतं.

नवीन होते तेव्हा पोरं मला 'दादा' म्हणायची. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई, काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे बाबाच. पुढे कधीतरी, बहुधा एकीच्या तापात रात्रभर बसले त्यानंतर, दादाची 'मामा' झाले. मामा म्हणजे आई. हे फोनवर सांगितलं तेव्हा आई हसून हसून बेजार. "बाईनी जात, आनि मामा?"

बाकी तो मुलूख मला फारसा परका वाटलाच नाही. दुकानाला दुका, गाडीला गारी, लाखाला लाकी. केळीही आहेतच. किलिमांजारोच्या उतारावर चग्गा लोकांच्या बागा, केळीच्या सावलीला कॉफी. आपल्यासारखी ओळीत, ठिबकवर उभी नाहीत. दाटीवाटीने, रान माजल्यासारखी. कच्ची केळी मटणात शिजवतात. आमच्याकडून केळीचे ट्रकच्या ट्रक भरून जातात म्हटल्यावर पोरांनी विचारलं, "मग तुम्ही शिजवता काय?" डोंगराचीही तीच गत. चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा, मोशीच्या उत्तरेला किलिमांजारो, ५८९५ मीटर. तुझ्या डोंगरावर बर्फ आहे का? नाही. "मग तो डोंगर कसला!" सातपुड्याची बाजू मांडायला मला स्वाहिली पुरली नाही.

त्यांचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. संध्याकाळी सातला पुन्हा एक. ते आपल्याहून अडीच तास मागे, म्हणजे इथे साडेनऊ झाले की तिथे रात्रीचा एक, जेवणाची वेळ. मी ओट्यावर बसलेली असते आणि मला ताटं दिसतात. मक्याच्या उगालीचा गोळा वळायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात माठाची भाजी उचलायची. धाकटा खळगे पाडतो आणि खात नाही. ताटाच्या कडेने ओळीत मांडतो, एकेका घरात भाजीचं एकेक पान निजवतो. भाजी गार होते, मी ओरडते. ओरडायचे.

उचकीला तिकडे क्वीक्वी म्हणतात. आपली ही आठवणीची समजूत मीच एकदा पोरांना सांगून बसले. नको होती सांगायला. त्या दिवसापासून धाकट्याला क्वीक्वी लागली की तो एकच नाव घ्यायचा, मामा. पाणी देऊ केलं तरी तोंड फिरवायचा. मामा, मामा, उचकी थांबेपर्यंत. कुठली मामा, ते मी कधी विचारलं नाही.

निघताना त्याने विचारलं, "केशो?" केशो म्हणजे उद्या. येण्याची तारीख पोरांना द्यायची नाही, हाही नियमच. एकदा सोडून गेलेल्या माणसाची वाट बघून झालेली पोरं ती, त्यात आणखी एक नाव कशाला? मी त्याच्या शर्टाचं बटण लावलं. नीट लागलेलंच होतं.

म्हणून इथे उचकी लागली की मला धड आनंद होत नाही. खरी असेल, तर तिकडे कुणीतरी ताट पुढ्यात घेऊन बसलंय. खोटी असेल, तर मला विसरलेत. त्यांच्यासाठी तेच बरं. बरं हे म्हणायला, एरवी माझा जीव कुठे तयार आहे!

परवा तेराव्या-चौदाव्या नावाला आले तरी उचकी थांबेना. आई चूल सारवता सारवता म्हणाली, "नही ते तुना भाचास्नी याद करी व्हई."

धाकट्याचं नाव रांगेत शेवटी येतं. तिथवर पोचायच्या आत मी तांब्या उचलला आणि घटाघट पाणी प्यायले.