खारीचा वाटा

बेकरीतून खारी आणली की पिशवीच्या तळाशी भुगा साठतोच. संध्याकाळच्या लोकलमधून आणली असेल तर विचारूच नका. पण खारीची परीक्षा करायची तर तो भुगाच बघावा. पापुद्रे सुटे, पातळ, काचेसारखे खळखळणारे असले तर भाजणी आतपर्यंत झालेली असते. बोटाला पिठूळ लागला, पापुद्रे एकमेकांना चिकटलेले दिसले, तर ती खारी चहात बुडवून संपवावी. खारी आणि कस्टर्डचे थर लावून घरी जो गोड पदार्थ करायचा, त्याच्या वाटेला तिला पाठवू नये.

कस्टर्ड आणि पेस्ट्रीचे थर एकावर एक रचून केलेला गोड पदार्थ म्हटलं की डोळ्यांपुढे काचेच्या कपाटातला, कागदाच्या वाटीत बसवलेला महागडा तुकडा येतो. फ्रेंच लोक त्याला मिल-फॉय म्हणतात, म्हणजे हजार पानं. हिशेब तसा फार चुकीचा नाही. मैद्याच्या कणकेत लोणी गुंडाळून लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, पुन्हा लाटायचं. असं सहा वेळा केलं की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत कणकेतल्या पाण्याची वाफ होते, स्निग्धाचा थर ती अडवतो आणि पदर उचलले जातात. हे ऐकून चिरोटे करणारी कुठलीही बाई म्हणेल, मग यात नवीन काय? काहीच नाही. लोण्याच्या जागी तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा, भट्टीच्या जागी कढई. पदर सुटण्यामागचं तत्त्व तेच.

आणि हेच पदर मुंबईत गल्लोगल्ली तयार मिळतात. खारी म्हणजे हीच कणीक, फक्त मिठाची आणि खडखडीत होईपर्यंत भाजलेली. क्रीम रोल आणि व्हेज पफही याच घराण्यातले. मे महिन्यात बत्तीस-तेहतीस अंशांच्या स्वयंपाकघरात लोणी लाटायला घेतलं तर दुसऱ्या घडीलाच ते कडेने पाझरायला लागतं, पदर एकजीव होतात आणि भाजून निघते ती जाड, तेलकट बिस्किटं. बेकरीवाला पहाटे जे करून ठेवतो ते दुपारी घरी करण्यात फारसं शहाणपण नाही. एक उणीव मान्य करायला हवी. साध्या बेकरीतल्या खारीत बहुधा लोणी नसतं, मार्गारीन किंवा वनस्पती तूप असतं. लोणी तोंडाच्या उबेत विरघळतं, वनस्पती तूप तितक्या पटकन नाही. म्हणून टाळूला मेणासारखा एक पातळ थर जाणवतो. कस्टर्डमध्ये थोडं लोणी घातलं की तो बराचसा लपतो.

सहा जणांसाठी बारा साध्या खाऱ्या घ्याव्यात. जिरं, मेथी, मसाला यातलं काही नको. प्रत्येक खारीच्या कडेला, पोटाशी, एक नैसर्गिक फट असते. तिथे पातळ सुरीचं टोक घालून हलकेच फिरवलं की खारी पुस्तकासारखी उघडते. ताटलीत तीन अर्धुकं आणि मध्ये कस्टर्डचे दोन थर, म्हणजे एकूण अठरा अर्धुकं. खरं तर नऊ खाऱ्यांत भागतं. उरलेल्या तीन फुटण्यासाठी.

अर्धुकं १५० अंशांवर सहा-आठ मिनिटं पुन्हा भाजायची. ओव्हन नसला तर जाड तवा, अगदी मंद आच, दोन्ही बाजू. जुलै-ऑगस्टमध्ये ही पायरी टाळूच नये, कारण पिशवी उघडल्यापासून अर्ध्या तासात खारीला हवेतला दमटपणा लागलेला असतो. भाजल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ द्यायची. कोमट असताना डब्यात भरली की तिचीच वाफ तिला मऊ करते.

आता कस्टर्ड. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली ही पावडर काढली, कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नव्हती. तेव्हापासून कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. अंड्याचा पत्ता नाही. मग दाटपणाची सगळी जबाबदारी स्टार्चवर येते, आणि स्टार्चचे स्वतःचे रुसवेफुगवे असतात.

पाकिटावर दिलेलं प्रमाण फ्रूट कस्टर्डचं असतं, वाटीत ओतायचं. त्या प्रमाणाने थर लावायला गेलात तर कस्टर्ड ताटलीत आणि खारी त्यात पोहणार. थरांसाठी अर्धा लिटर फुल क्रीम दूध, ६० ग्रॅम पावडर म्हणजे सहा सपाट मोठे चमचे, ७५ ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम लोणी. खारीत मीठ असतंच, म्हणून लोणी बिनमिठाचं. साखर याहून फार वाढवू नये. ती पाणी स्वतःकडे ओढते आणि स्टार्चला फुगायला उशीर करते.

पावडर १०० मिलिलिटर थंडगार दुधात कालवायची. कोमट दूधही नको. गरम दूध लागलं की पावडरीच्या प्रत्येक गोळीचं बाहेरचं कवच लगेच शिजतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. त्या गुठळ्या मग कितीही घोटा, सुटत नाहीत. उरलेलं दूध साखर घालून उकळीला आणायचं, गॅस बंद करायचा, कालवलेलं मिश्रण बारीक धारेने ओतत ढवळायचं आणि पुन्हा मध्यम-मंद आचेवर ठेवायचं. मिनिटभरात ते एकदम जड होतं. इथेच बहुतेक जण गॅस बंद करतात आणि इथेच चूक होते. घट्ट झालं म्हणजे शिजलं असं नाही. पिठल्यासारखे फदफद बुडबुडे यायला लागले की तिथून घड्याळ लावून दोन मिनिटं ढवळत राहायचं. नाहीतर जिभेवर कच्च्या पिठाची चव राहते. तळाला लागलंच तर खरवडू नये; वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावं. शेवटी गॅस बंद करून लोणी.

कस्टर्ड पातेल्यात गार करायला ठेवू नये. परातीत किंवा पसरट ट्रेमध्ये ओतावं, लवकर गार होतं. वर बटर पेपर थेट पृष्ठभागाला चिकटवून ठेवावा, अंतर न सोडता. नाहीतर साय धरते, आणि ती साय नंतर घोटली की दोऱ्या-दोऱ्या होतात. दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं की त्याची वडी पडेल इतकं घट्ट होतं. घाबरायचं कारण नाही. व्हिस्कने दहा-बारा फेरे मारले की गुळगुळीत होतं. तेवढेच. मिक्सर लावला तर स्टार्चचे फुगलेले कण फुटतात आणि कस्टर्ड सैल पडतं.

हलकं हवं असेल तर १०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम फेटून त्यात घालावं. टेट्रापॅकमधली २५ टक्के फॅटची फ्रेश क्रीम मात्र हात दुखेपर्यंत फेटली तरी फुगत नाही. तिचा दोष नाही, फॅट तिशीच्या पुढे लागतं.

आणि चमचा. चव घेतलेला चमचा परत कस्टर्डमध्ये घालायचा नाही. हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नव्हे. लाळेत अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असतं आणि ते स्टार्चच तोडतं. उष्टा चमचा बुडालेलं कस्टर्ड रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी कडेने पाणी सुटलेलं दिसतं, आणि घरातलं कुणीतरी दुधाला नावं ठेवतं. बघितलं कुणी, हे विचारायची गरज पडत नाही. कस्टर्डच चुगली करतं.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड आहे ते वेळेचं गणित. खारी कोरडी, कस्टर्ड ओलं; एकत्र आल्या क्षणापासून पाणी एका बाजूने दुसरीकडे जायला लागतं. वीसेक मिनिटं कुरकुर टिकते. म्हणून जेवणं आटोपून ताटं उचलली की मग थर लावायला घ्यावेत, पाहुणे यायच्या आधी नाही. सवड हवीच असेल तर ६० ग्रॅम पांढरं चॉकलेट वितळवून खारीच्या आतल्या बाजूला ब्रशने पातळ लावायचं आणि सुकू द्यायचं. चॉकलेटच्या स्निग्धातून पाणी सहज जात नाही, त्यामुळे तासभर तरी मिळतो. वरच्या खारीवर पिठीसाखर भुरभुरून कडक आचेवर कॅरॅमल करायची हौस डिसेंबरात करावी. पावसाळ्यात ते कॅरॅमल बघता बघता चिकट होतं.

दुसरी वाट म्हणजे मऊपणाच मान्य करायचा. रशियातला नेपोलियन केक मुद्दाम रात्रभर मुरवत ठेवतात, थर कस्टर्ड पिऊन मऊ व्हावेत म्हणून. तसं करायचं तर आख्ख्या खाऱ्या डब्यात शेजारी शेजारी मांडाव्यात, वर कस्टर्ड, पुन्हा खाऱ्या, आणि सहा-आठ तास फ्रिज. मग दातेरी सुरीने वड्या नीट कापता येतात. चहातली खारी ज्यांना आवडते त्यांना हेच जास्त आवडावं. मधली दोन-तीन तासांची अवस्था तेवढी टाळावी. तेव्हा खारी ना धड कुरकुरीत असते ना धड मऊ, नुसती चिवट लागते.

थर लावताना ताटलीत आधी कस्टर्डचा एक ठिपका, म्हणजे खारी घसरत नाही. कस्टर्ड सुरीने पसरवू नये, खारी मोडते. स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून बोराएवढे गोळे शेजारी शेजारी सोडावेत आणि वरची खारी नुसती टेकवावी, दाबू नये. हापूसच्या दिवसांत फोडी थरात घालायचा मोह होतो, पण रस खारीत उतरतो. फोडी ताटलीत बाजूला बऱ्या. खाताना वरून काटा दाबला की सगळं कस्टर्ड कडेने बाहेर येतं, म्हणून तुकडा कुशीवर आडवा करून कापावा. किंवा सरळ हातात घ्यावा.

राहिला पिशवीतला भुगा. तो चाळणीत घेऊन हलवावा. वर राहतील ते मोठे पापुद्रे पिठीसाखरेत घोळून थरांवर पेरायचे. खाली पडेल ते चहासोबत.