पाकिटावर ‘ब्युनोडाँट’ लिहिलं होतं

उत्खननात निघालेली हाडं आणि दात ओळखणं हे माझं काम. त्यातही दातच जास्त, कारण हाड कुजून जातं त्या मातीत दातावरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, टिकतं.

त्या दिवशी निरोप आला की खड्ड्यातलं काम थांबवलंय, मानवी दाढ मिळालीय. पाकिटावर लिहिलं होतं : ‘ब्युनोडाँट, बहुधा मानवी’.

पहिला शब्द अगदी बरोबर होता. ग्रीक ‘बुनोस’ म्हणजे टेकडी. चावण्याच्या पृष्ठावर गोल, बुटके उंचवटे असलेली दाढ. पण अशी दाढ माणसाला असते तशी डुकराला असते, अस्वलालाही असते. तिघंही मिश्राहारी. ही नावं दाताची घडण सांगतात, प्राण्याचं कूळ सांगत नाहीत. हिप्सोडाँट म्हणजे उंच दाढ, जिचं इनॅमल हिरडीच्या पार आत उतरलेलं असतं. ती घोड्यालाही असते आणि गाईलाही, दोघांचे गण वेगळे असूनही. गवत आणि त्यासोबत तोंडात जाणारी माती दोघांचेही दात झिजवते.

आमची दाढ चांगलीच झिजलेली होती. उंचवटे सपाट, त्यांच्या जागी इनॅमलखालच्या थराचे, डेन्टिनचे, पिवळट ठिपके. भिंगाखाली पाहिलं तर मोठ्या उंचवट्यांच्या मध्ये बारीक, जादा उंचवट्यांच्या खुणा होत्या. ओल्या कुंचल्यानं खालची माती हळूहळू काढली, तेव्हा मुळांचे तुटके बुंधे दिसले : चार. माणसाच्या खालच्या दाढेला सहसा दोन मुळं, वरच्या दाढेला तीन. डुक्कर!

ही चूक भल्याभल्यांकडून झालीय. नेब्रास्कातल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेन्री फेअरफिल्ड ऑस्बर्न यांनी १९२२ साली ‘हेस्पेरोपिथेकस’ हा अमेरिकेतला मानवसदृश वानर जाहीर केला. १९२७ साली ती दाढ पेकरीची, म्हणजे डुकराच्या दूरच्या भाऊबंदाची निघाली.

सहकाऱ्याला पाकीट बदलायला सांगितलं तर तो म्हणाला, “पण ब्युनोडाँट तर बरोबरच आहे ना?” त्याच्यावर मला रागावता येईना. ही नावं शिकवतानाच तक्ता देतात : एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला एकच प्राणी. मुलं जोडी पाठ करतात, आणि पुढं मुळं मोजायच्या आधीच प्राणी ठरवून मोकळी होतात. अशा शिकवण्याची मला मनापासून चीड आहे.

या हंगामातली, नुसतं ‘ब्युनोडाँट’ लिहून बंद केलेली सगळी पाकिटं मी परत मागवली आहेत.